पंडित नैनसिंग रावत : एका शाळाशिक्षकाची प्रवास-रोजनिशी

(इयत्ता ५ वी ते ७ वी. भूगोल, गणित व भाषा यांच्या समवायाने घ्यावयाचा पाठ)

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला नकाशा मुलांना आयताच मिळालेला असतो. नदीची निळी रेघ, पर्वताची तपकिरी छटा, गावाचा ठिपका हे सारे जणू जमिनीतून उगवल्याप्रमाणे तेथे आले आहे, अशी त्यांची समजूत होते. ही रेघ प्रथम कोणी ओढली, त्यासाठी कोण किती चालले आणि त्याने काय सोसले, हा प्रश्न मुलांच्या मनात येत नाही. कारण बहुधा तो शिक्षकांच्याही मनात आलेला नसतो. हा प्रश्न वर्गात उभा करणे, हेच प्रस्तुत पाठाचे प्रयोजन होय. त्यासाठी ज्यांचे चरित्र येथे घेतले आहे, ते पंडित नैनसिंग रावत कोणी सेनापती अथवा राजपुत्र नव्हते. हिमालयातील एका खेड्याच्या शाळेचे ते शिक्षक होते. त्यांच्या हातून जे मोठे कार्य घडले ते मुख्यतः दोन साध्या सवयींच्या बळावर : बिनचूक मोजणे, आणि मोजलेले त्याच दिवशी लिहून ठेवणे.

मिलमचे पंतोजी

नैनसिंगांचा जन्म १८३० साली कुमाऊंतील जोहार खोऱ्यात झाला. हे खोरे आज उत्तराखंड राज्याच्या पिथौरागढ जिल्ह्यात आहे. त्यांचे मिलम हे गाव मिलम हिमनदीच्या पायथ्याशी, गोरीगंगेच्या उगमाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेले आहे. हिवाळा लागला की गावकरी गुरेमेंढ्यांसह खालच्या खोऱ्यात उतरत आणि बर्फ वितळले की पुन्हा वर येत. येथील शौका लोकांचा मुख्य व्यवसाय तिबेटशी व्यापार हा होता. मेंढ्यांच्या व याकच्या पाठीवर धान्य लादून ते उंच घाट ओलांडीत आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतत. त्यामुळे तिबेटी भाषा व तेथील रीतिभाती यांची ओळख नैनसिंगांस लहानपणापासून होती. १८५५ पासून दोन वर्षे त्यांनी श्लागिंटवाइट या जर्मन संशोधक बंधूंबरोबर मानसरोवर व लडाख या भागांत प्रवास केला, आणि यंत्रांनी मापे कशी घेतात हे जवळून पाहिले.

त्यानंतर १८५८ ते १८६३ या काळात ते मिलमच्या सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. आपल्याकडे पूर्वी शाळामास्तरास जसे पंतोजी म्हणत, तसे कुमाऊंत पंडित म्हणत. पुढे सर्वेक्षण खात्याने या कामासाठी जे जे भारतीय प्रवासी पाठविले त्या सर्वांनाच पंडित हे नाव पडले. भूगोलाच्या इतिहासात रूढ झालेल्या या नावाचे मूळ एका खेड्यातील शाळेच्या खुर्चीत आहे, ही गोष्ट शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास १८०२ साली मद्रास येथून आरंभ झाला होता. या कार्याचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन हे मोजणी करीत उत्तरेकडे जात असता १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन पावले. पुढे हे काम हिमालयापर्यंत जाऊन थांबले, कारण पलीकडचा तिबेट परकीयांस बंद होता. सीमेपलीकडची वाट ठाऊक असावी, ही ब्रिटिश सरकारची राजकीय व लष्करी गरज होती. यास्तव सीमेवरील भारतीयांनाच मोजणीचे शिक्षण देऊन पाठवावे, अशी योजना सर्वेक्षण खात्यातील अधिकारी कॅप्टन माँटगोमेरी यांनी आखली. कुमाऊंच्या शिक्षण खात्याचे अधिकारी एडमंड स्माइथ यांच्या शिफारशीवरून १८६३ साली नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग डेहराडूनला दाखल झाले. तेहतीस वर्षांचा मुख्याध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला. हे शिक्षण सुमारे दोन वर्षे चालले.

मोजण्याची साधने

साखळी पसरून जमीन मोजणे तिबेटात शक्य नव्हते. म्हणून नैनसिंगांचे पाऊल हेच माप ठरले. चढ असो, उतार असो, वाळू असो की खडक असो, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असा सराव त्यांनी केला. सुमारे २,००० पावलांचा एक मैल होई. पावले मोजण्यासाठी हाती जपमाळ असे. नेहमीच्या माळेत १०८ मणी असतात. या माळेत १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. पूर्ण माळ झाली म्हणजे १०,००० पावले, अर्थात पाच मैल झाले.

यात्रेकरूच्या हातात असते तसे फिरते मंत्रचक्रही त्यांच्यापाशी होते. त्याच्या पोकळीत मंत्र लिहिलेल्या कागदाऐवजी कोरे कागद असत. दिवसाची टिपणे त्यांवर होत. वाटेत कोणी गप्पा मारावयास जवळ आला तर ते चक्र फिरवीत जप करू लागत. जपात असलेल्या माणसाशी कोणी बोलत नसे, आणि मोजणी तुटत नसे.

उंची काढण्याची रीत मुलांस सहज समजावून देता येईल. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो व पाणी कमी तापमानास उकळते. साधारणतः दर ३०० मीटर उंचीस हा फरक सुमारे एक अंशाचा असतो. नैनसिंग पोकळ काठीत तापमापक लपवीत आणि चहाचे आधण ठेवावे तसे पाणी उकळून त्याचे तापमान पाहत.

एखादे स्थळ विषुववृत्तापासून किती उत्तरेस आहे, म्हणजेच त्याचा अक्षांश किती, हे सूर्याची व ताऱ्यांची उंची मोजून कळते. पुण्याहून पाहिले असता ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंश वर दिसतो, कारण पुण्याचा अक्षांशही तितकाच आहे. ही उंची मोजण्यासाठी सेक्स्टंट नावाचे कोनमापक यंत्र वापरीत. डोंगराळ प्रदेशात खरे क्षितिज दिसत नाही. तेव्हा पारा एका भांड्यात ओतून त्याचा सपाट, आरशासारखा पृष्ठभाग क्षितिजाच्या जागी धरावयाचा. नैनसिंगांनी हा पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केला होता, आणि यंत्र पेटीच्या चोरकप्प्यात ठेवले होते.

ल्हासाची वाट

१८६५ साली दोघे भाऊ नेपाळात आले. किरोंग येथील तिबेटी चौकीवर त्यांचे सामान तपासले गेले. चोरकप्पे सापडले नाहीत. पण पुढे जाण्याची परवानगीही मिळाली नाही. मणिसिंगांनी हा नाद सोडला. नैनसिंग मात्र वेष पालटून लडाखी व्यापाऱ्याच्या रूपाने पुन्हा निघाले. या वर्षी ल्हासास जाणार नाही, गेलो तर माझे प्राण घ्यावेत, असे त्यांना तेथील अधिकाऱ्यास लिहून द्यावे लागले होते.

पुढे लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्यात सामील होऊन ते शिगात्सेस पोहोचले. तेथील ताशिल्हुन्पो मठात पंचेन लामांच्या दर्शनास सर्वांबरोबर जाणे भाग पडले. भक्ताच्या अंतःकरणातील गुपित लामांस कळते, अशी तेथील श्रद्धा होती. उसना वेष घेतलेला हा प्रवासी मनात धास्ती बाळगून आत गेला. समोर आसनावर सुमारे अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याने राजाचे क्षेम, देशाचे क्षेम आणि पाहुण्याचे क्षेम असे ठरावीक तीन प्रश्न विचारले आणि दर्शन संपले. एवढ्या वयाची मुले ज्यांनी पाच वर्षे वर्गात पाहिली होती त्या शिक्षकाच्या मनास त्या क्षणी काय वाटले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

पैसे संपत आले तेव्हा नैनसिंगांच्या मदतीस त्यांचा जुना व्यवसायच धावून आला. शिगात्सेतील नेपाळी दुकानदारांस हिशेब ठेवण्याची आपली पद्धत शिकवून त्यांनी थोडी मिळकत केली.

१० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासास पोहोचले आणि तेथे सुमारे तीन महिने राहिले. रात्री गुपचूप तारे पाहून व दिवसा सूर्य पाहून त्यांनी शहराचा अक्षांश काढला. तो २९ अंश ३९ कला आला. आजच्या नकाशातही ल्हासाचा अक्षांश हाच आहे. उकळत्या पाण्यावरून काढलेली उंची सुमारे ११,७०० फूट भरली. आजच्या मोजणीने ती ३,६५० मीटर, म्हणजे जवळजवळ १२,००० फूट आहे. एक तापमापक आणि भांडेभर पाणी एवढ्या साहित्यानिशी केलेल्या मोजणीत इतकाच फरक पडला.

या मुक्कामात तीन प्रसंग घडले. काश्मिरी वंशाच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले. परंतु त्यांनी ते गुपित राखले, इतकेच नव्हे तर घड्याळ तारण ठेवून पैसेही दिले. एके दिवशी परवानगीवाचून शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद नैनसिंगांच्या पाहण्यात आला. आणि ज्या अधिकाऱ्यास त्यांनी प्राणांची हमी लिहून दिली होती, तोच किरोंगचा अधिकारी ल्हासाच्या रस्त्यावर दृष्टीस पडला. नैनसिंगांनी बिऱ्हाड बदलले, बाहेर जाणे कमी केले. पण वेध घेणे सोडले नाही.

परतताना ते त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेकडे चालत मानसरोवरापर्यंत आले व त्याच वर्षी भारतात परतले. ही त्सांगपो म्हणजेच आपली ब्रह्मपुत्रा. या प्रवासात त्यांनी सुमारे १,२०० मैल पावलांनी मोजले. मैलास २,००० पावले धरली तर ही संख्या चोवीस लाख होते, आणि शंभर मण्यांची माळ २४० वेळा फिरते. हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. संख्या केवढी मोठी असते, हे त्यांना शून्ये मोजून कळणार नाही इतके या माळेवरून कळेल.

लेहपासून आसामपर्यंत

१८६७ साली पश्चिम तिबेटातील ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणींपर्यंत ते जाऊन आले. त्यांचा शेवटचा व सर्वांत लांबचा प्रवास १८७४ मधील होय. जुलैत त्यांनी लेह सोडले. या वेळी वेष भिक्षूचा होता आणि सामान मेंढ्यांच्या पाठीवर होते. निर्जन पठारावर, जेथे चारा मिळेल तेथे मेंढ्या चारीत, हा लहानसा तांडा नोव्हेंबरात ल्हासास पोहोचला. निघताना बरोबर घेतलेल्या मेंढ्यांपैकी मोजक्याच शेवटपर्यंत टिकल्या. ओळखीचा माणूस भेटल्यामुळे ल्हासात दोनच दिवस राहता आले. तेथून दक्षिणेस वळून ते तवांगला आले. तेथे त्यांना सुमारे दोन महिने अडकवून ठेवण्यात आले. मार्च १८७५ मध्ये ते आसामातील उदलगुडी येथे उतरले. लेहपासून तेथवरची वाट सुमारे १,४०० मैलांची भरली.

या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. डोळेही अधू झाले. पुढे ते नव्या सर्वेक्षकांस शिकवू लागले. ज्याने जीवनाचा आरंभ शाळेत केला तो पुन्हा शिकविण्याच्याच कामी आला. अक्षांश काढण्याच्या रीतीवर त्यांनी १८७१ साली हिंदीत ‘अक्षांश दर्पण’ हे पुस्तक लिहिले होते. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांस सुवर्णपदक दिले. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांच्या रोजनिशा मात्र दीर्घकाळ गोऱ्या अधिकाऱ्यांच्या इंग्रजी अहवालांच्या रूपानेच जगापुढे राहिल्या.

न पाहिलेला आकडा

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. तिबेटच्या पठारावर नैनसिंगांच्या मागे कोणी तपासनीस नव्हता. कडाक्याच्या थंडीत एखाद्या दिवशी मणी न ओढता ते चालले असते आणि रात्री अंदाजाने आकडा लिहिला असता, तर त्या रात्री त्यांना विचारणारे कोणी नव्हते. परंतु खोटा आकडा एकटा राहत नाही. आजचा मुक्काम दोन मैल चुकला तर उद्याचा मुक्कामही तितकाच सरकतो, आणि शेवटी नदीच आपल्या जागेवरून हलते. नैनसिंगांच्या कामात पावलांवरून निघणारे अंतर व ताऱ्यांवरून निघणारा अक्षांश या दोन स्वतंत्र मोजण्या होत्या. त्या एकमेकींशी पडताळून पाहता येत, आणि त्यांचा मेळ बसे. म्हणून त्यांच्या रोजनिशीवर नकाशा उभा राहू शकला.

प्राथमिक शाळेतही असे तपासनीस नसलेले दिवस पुष्कळ असतात. अधिकाऱ्यांच्या भेटीच्या आदल्या रात्री महिन्याभराचे टाचण एकाच शाईने लिहिलेले आढळते. पर्जन्यमापकाकडे न पाहता पावसाचा आकडा तक्त्यावर चढतो. सहलीचे वर्णन सहल निघण्यापूर्वीच फळ्यावरून उतरवून घेतले जाते. यात कोणाचा शिरच्छेद होत नाही हे खरे. पण न पाहिलेला आकडा लिहिता येतो, ही गोष्ट मूल त्या दिवशी शिकते. ती पुढे विसरविणे फार कठीण असते.

आणखी एक प्रश्न वर्गात अवश्य निघावा. हा मनुष्य आकड्यांशी इतका प्रामाणिक होता. पण ज्यांच्या घरी तो उतरला, ज्यांच्या तांड्याबरोबर चालला, त्यांच्यापासून त्याने आपली ओळख लपविली. दिलेला शब्द मोडला. ज्या सरकारसाठी त्याने हे केले ते परके होते, आणि तिबेटी लोकांनी आपला देश मोजावयास कोणास बोलाविले नव्हते. थोर माणसाचे चरित्र सांगताना अशी बाजू झाकून ठेवण्याकडे शिक्षकांचा कल असतो. तसे करू नये. सातवीची मुले या प्रश्नावर विचार करू शकतात. त्यांना दोन्ही बाजू सांगू द्याव्यात. शिक्षकांनी निकाल देण्याची घाई करू नये. खोट्या वेषातील माणसाची खरी नोंद, ही विसंगती मनात राहिली तरी पाठ सफल झाला असे समजावे.

वर्गात करावयाचे काम

१. प्रथम प्रत्येक मुलाच्या पावलाची लांबी काढावी. मैदानावर मुलास नेहमीच्या चालीने १०० पावले चालावयास सांगून ते अंतर टेपने मोजावे. अंतर ५२ मीटर भरल्यास पाऊल ५२ सेंटिमीटरचे झाले. असे तीन वेळा करून सरासरी घ्यावी.

२. शाळेपासून विहीर, देऊळ, ओढा असे एखादे ठिकाण ठरवावे. प्रत्येक मुलाने उजव्या खिशात चिंचोके घ्यावेत आणि शंभर पावले झाली की एक चिंचोका डाव्या खिशात टाकावा. या चालण्यात कोणी कोणाशी बोलू नये.

३. वहीत रकाने आखावेत : तारीख, वेळ, कोठून, कोठे, दिशा, पावले, वाटेत पाहिलेले. नोंद वाटेवरच करावी. घरी जाऊन नव्हे.

४. एका गटाने जाताना मोजावे, दुसऱ्याने येताना. समजा, एकाची ६४० पावले झाली व दुसऱ्याची ६५५. या पंधरा पावलांचा फरक कोठे पडला? दोघांची पावले सारखी नव्हती काय? चढावर पाऊल आखडले काय? मध्येच मोजणी चुकली काय? ही चर्चा हाच पाठाचा गाभा होय. फरक लपविण्यासाठी आकडा बदलणाऱ्या गटाचे काम पुन्हा करून घ्यावे, आणि फरक जसाच्या तसा सांगणाऱ्या गटाची वही वर्गापुढे वाचून दाखवावी. चुकलेला आकडा रबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा.

५. शेवटी १ सेंटिमीटरास २० मीटर हे प्रमाण धरून वाटेचा नकाशा काढावा. ५२ सेंटिमीटरच्या पावलाने ६४० पावले म्हणजे ३३२.८ मीटर, ही वाट नकाशावर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर येईल.

स्वाध्याय

(अ) शंभर मण्यांची माळ दिवसातून तीन वेळा फिरली, तर नैनसिंग त्या दिवशी किती मैल चालले?

(आ) जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवण्याचे कारण काय असावे?

(इ) ल्हासा येथे पाणी साधारणतः किती अंशांस उकळेल? उंचीवरून हिशेब करा.

(ई) नैनसिंगांनी वेष पालटला हे योग्य होते काय? आपले मत दहा ओळींत लिहा.

(उ) सलग सात दिवस घरापासून शाळेपर्यंतची पावले मोजून रोजनिशी ठेवा. एखाद्या दिवशी मोजणे राहून गेल्यास त्या रकान्यात ‘मोजले नाही’ असे लिहा.

शेवटच्या स्वाध्यायातील ‘मोजले नाही’ हे दोन शब्द शिक्षकांनी मोकळ्या मनाने स्वीकारावेत. सात दिवसांच्या सात आकड्यांपेक्षा पाच आकडे आणि दोनदा आलेले हे शब्द यांचे मोल अधिक आहे. त्या वहीवरून काढलेली वाट, आखूड असली तरी, खरी असेल.